नदीच्या कामात उतरताय? आधी क्रम समजून घ्या

गणपतीत गावी आलेला उत्साही तरुण दुथडी भरलेल्या व्हाळात (ओढ्यात) कचरा काढायला उतरतो. जानेवारीत पाणी आटल्यावर कुणाला तरी वनराई बंधारा (मातीने भरलेल्या पिशव्यांचा तात्पुरता बांध) आठवतो. एप्रिलमध्ये कोंडीत, म्हणजे पात्रातल्या डोहात, मासे मरून तरंगताना दिसतात, फोटो पन्नास ग्रुपवर फिरतो आणि लेखी तक्रार एकाही टेबलावर पोचत नाही. माणसं मनापासून येतात, फक्त येतात चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या टोकाकडून. तीन-चार महिन्यांत कंटाळून निघूनही जातात. हे इतक्यांदा पाहिलंय की एकदा क्रम लिहून काढावा असं ठरवलं.

कोकणात क्रमाला एवढं महत्त्व का, ते एका हिशेबात कळतं. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर एक हेक्टर जमिनीवर ३ कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं बहुतेक जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतं आणि उतार तीव्र असल्यामुळे बघता बघता खाडीला मिळतं. मार्च उजाडला की वरच्या वाड्यांना टँकर. म्हणजे इथे नदीचं प्रत्येक काम करायला वर्षातून एकच खिडकी उघडते, काही आठवड्यांची. ती चुकली की पुढच्या वर्षी.

उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आहेत. वाशिष्ठी असो, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड किंवा कर्ली, पद्धत थोड्याफार फरकाने हीच.

टप्पा १ : आपलं पाणी कुठे जातं ते पायी शोधा (एप्रिल-मे)

गट शोधण्याआधी हे करा. आपल्या घराच्या पागोळ्या कुठल्या पऱ्यात (लहान ओहोळात) जातात, तो पऱ्या कुठल्या व्हाळाला आणि व्हाळ कुठल्या नदीला मिळतो, एवढंच शोधायचं आहे. ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी एकाच वाटेने बाहेर पडतं ती सगळी जमीन म्हणजे पाणलोट. तिची हद्द डोंगराच्या धारेवरून जाते. गावाच्या हद्दीशी, वाडीच्या भांडणाशी तिचा संबंध नाही.

१. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा किंवा इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ घ्या. धार आणि ओहोळ कागदावर उतरवा. फोनच्या भरवशावर निघू नका, सड्यावर (माथ्यावरच्या कातळ पठारावर) रेंज असतेच असं नाही.

२. चालायला वरून सुरुवात करा. नवखा माणूस नेहमी पुलाखालून सुरू करतो, कारण कचरा तिथे दिसतो. पण जांभ्याच्या सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून मुरतं आणि खाली चिकण थर लागला की उताराच्या पोटातून झऱ्याने बाहेर येतं. झरा आटला तर झऱ्यापाशी खणून उपयोग नसतो. वर जाऊन बघा: चिऱ्याची खाण निघालेली असते, नाहीतर काजूच्या नव्या बागेसाठी सगळा उतार जेसीबीने सोललेला असतो.

३. वाटेत दिसेल ते नोंदवा. बारमाही झरे, विहिरी, देवरहाटी (देवासाठी राखलेली रानं), मेमध्येही पाणी धरून असलेल्या कोंडी, पाटाचं तोंड, नदीत सुटलेली गटारं, वाडीची कचरा टाकायची जागा. आणि खाडीकडच्या टोकाला भरतीचं पाणी नेमकं कुठवर चढतं ते. ही शेवटची नोंद जवळजवळ सगळे विसरतात. भरतीच्या टप्प्यात किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, त्यामुळे त्या जागेच्या खालचं आणि वरचं काम कागदोपत्रीसुद्धा वेगळं असतं.

नकाशावर न दिसणारं पाणीही असतं. वाशिष्ठीचं पाणलोट नकाशावर सह्याद्रीच्या धारेपाशी संपतं, पण कोयनेचं पाणी वीज निर्माण करून पोफळी-कोळकेवाडीकडून याच नदीत उतरतं. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा महापूर समजून घ्यायचा तर पाऊस, भरती आणि हे वरून येणारं पाणी तिन्ही एकाच कागदावर मांडावी लागतात. तुमच्या नदीवर वर कुठे धरण असेल तर ते कुणाच्या ताब्यात आहे, पाणी सोडण्याआधी सूचना कुणाला मिळते, हे आत्ताच विचारून ठेवा.

तपासून पाहा: आपल्या व्हाळाचा सगळ्यात वरचा झरा तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय का? मेमध्ये पाणी टिकणाऱ्या तीन कोंडींची नावं सांगता येतात का? दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर अजून गटाच्या बैठकीला जाऊ नका. एक दिवस आणखी चाला.

टप्पा २ : गट शोधा, आणि तो कशाचा आहे ते ओळखा

कोकणात नदीचं काम करणाऱ्या बऱ्याच गटांना फलक नसतो, नावही नसतं. शोधायचं कुठे? वाडीच्या बैठकीत. महिला बचत गटात. गावाच्या मुंबई मंडळात. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेत. खाडीपट्ट्यात मच्छीमार सहकारी सोसायटीत. पाणी बिघडलं की पहिला फटका त्यांना बसतो, म्हणून त्यांची नजर सगळ्यांत तिखट.

सरकारी चौकटीतल्या जागाही पाहा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही बघायला मागा. बऱ्याच ठिकाणी कपाट उघडायलाच वेळ लागतो, पण मागितल्यामुळे समितीत कोण आहे ते तरी कळतं. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२२ ला 'चला जाणूया नदीला' अभियान सुरू केलं होतं. तुमच्या नदीवर त्यात काम झालं असेल तर तेव्हा फिरलेली माणसं गाठा. अर्ध्या नोंदी आयत्या मिळतील.

गट सापडला की तो काय करतो ते विचारा. ढोबळ मानाने चार जाती: बंधारे घालणारे, झरे आणि झाडांचं बघणारे, प्रदूषण किंवा वाळूउपशावर लक्ष ठेवणारे, आणि पुराच्या प्रश्नावर उभे राहिलेले. शेवटच्या गटात जाणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय ते शिकून जा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बैठकीत निम्मी भांडणं या दोन शब्दांच्या गोंधळातून होतात.

सावध: गटात जाण्याआधी तीन गोष्टी शांतपणे विचारा. वर्गणीचा हिशेब कोण लिहितो? मशीन लावलं तर डिझेलचे पैसे कोण देतं? काढलेला गाळ आणि वाळू कुठे जाते? तिसऱ्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर चहा पिऊन निरोप घ्या.

टप्पा ३ : पहिले तीन महिने वही धरा

नव्या माणसाची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच बैठकीत योजना मांडणं. मुंबई-पुण्याहून आलेल्याकडून ही हमखास होते आणि मग "ह्येका कायेक म्हायत नाय" असा शिक्का बसतो, तो पुढे दोन पावसाळे निघत नाही.

गटाला वक्ता नको असतो, लिहिणारा हवा असतो. कामाला हात बरेच असतात. कोण आलं, किती पिशव्या लागल्या, अर्ज कुठल्या तारखेला दिला, पोच कुठे आहे, हे लिहून ठेवणारं कुणी नसतं. ते काम मागून घ्या.

त्याच काळात माणसांशी बोला. खेकडे-मासे पकडणारे, गुरं राखणारे, व्हाळावर कपडे धुणाऱ्या वहिनी, पाटाचं पाणी फिरवणारे काका. प्रश्न मोघम नको. "पूर्वी नदी कशी होती?" असं विचारलंत तर "लय चांगली होती" एवढंच उत्तर मिळणार. त्यापेक्षा असं विचारा:

"काकी, शिमग्याला या कोंडीत पाणी कुठवर असायचं?"

"वळगणीचे मासे आता कुठल्या मळ्यापर्यंत चढतात?" (पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे ते वळगणीचे.)

"हा पाट कुठल्या साली बंद पडला, आणि पडला कशामुळे?"

शिमगा, गणपती, लावणी, भातकापणी या खुणांनी विचारलं की माणसांना वर्षं बरोबर आठवतात. ऐकलेलं त्याच संध्याकाळी लिहा. कोण म्हणालं तेही लिहा, पण त्यांना विचारल्याशिवाय नाव बाहेर सांगू नका. अवैध वाळूबद्दल बोललेल्या माणसाला त्याच गावात राहायचं असतं.

तपासून पाहा: तीन महिन्यांनी तुमच्या वहीत गटातल्या जुन्या माणसालाही माहीत नसलेली एक तरी नोंद आहे का?

टप्पा ४ : पाण्यात पाय घालण्याआधी

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नका.

पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा असतो. गुरांच्या, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शिरतो. गमबूट आणि हातमोजे वापरा. उतरल्यावर महिनाभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना "व्हाळात काम केलं होतं" हे आपणहून सांगा. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे त्यांना ठरवू द्या, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

कातळावरचा दगड हाताने उचलण्याआधी काठीने उलटा. खाली फुरसं (छोटा विषारी साप) असतं. वाशिष्ठी आणि जगबुडीच्या खोल पाण्यात मगरी आहेत, तिथे काठावर बसून पाय सोडणं हा धाडसाचा भाग समजू नका. खाडीच्या टोकाला काम असेल तर भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी लिहून घ्या. जून ते सप्टेंबरमध्ये पात्रात काम करायचंच नाही. इथे ऊन असताना वर घाटात पाऊस कोसळतो आणि पंधरा-वीस मिनिटांत व्हाळाचा रंग बदलतो. पाणी गढूळ झालं, पाचोळा वाहत यायला लागला, की सामान सोडून वर.

टप्पा ५ : मोजायला शिका (ऑक्टोबरपासून)

मोजमाप नसलेला गट बैठकीत हरतो. "पाणी कमी झालंय" याला अधिकारी मान हलवतात. "गेल्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ६० लिटर सेकंदाला होतं, यंदा ३५ आहे" याला कागद मागतात. तो कागद तुमच्याकडे असला पाहिजे.

झऱ्यासाठी बादली आणि फोनमधलं घड्याळ पुरतं. धार बादलीत घ्या, भरायला किती सेकंद लागले ते तीनदा मोजा, सरासरी काढा.

व्हाळासाठी तरंगाची पद्धत:

१. सरळ, एकसारखा वाहणारा १० मीटरचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना आडवी दोरी बांधा.

२. रुंदी मोजा. खोली पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

३. वरच्या दोरीच्या जरा वरून लिंबू सोडा. दोन दोऱ्यांमधला वेळ मोजा. पाच वेळा करा. काठाला अडकलेली फेरी धरू नका.

४. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहतं.

समजा रुंदी २ मीटर, खोली ०.१५ मीटर, आणि १० मीटरला ४० सेकंद लागले. वेग झाला ०.२५. सगळं गुणून ०.०६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर.

मोजायची जागा आणि वार बदलू नका. एका वर्षी पुलापाशी, दुसऱ्या वर्षी आंब्याखाली असं झालं तर दोन्ही आकडे टाकाऊ. महिन्याचा पहिला रविवार धरा, आणि कुणाच्या घरी लग्न असलं तरी मोजा. (आमच्याकडे हळदीच्या कपड्यांत लिंबू सोडलेलं आहे.)

पाण्याच्या गुणवत्तेसाठी ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनमधला तपासणी संच असण्याची शक्यता आहे, जलसुरक्षकाला विचारा. जिवाणूंसाठीची बाटली चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेचं प्रदूषण असण्याची दाट शंका धरा. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर बाटली तिथूनच निर्जंतुक करून घ्या, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. आम्ही पहिला नमुना बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत घेतला आणि तो दोन दिवस एकाच्या दप्तरात फिरला. अहवाल आला, वाचला, फाडून टाकला.

टप्पा ६ : वनराई बंधारा (भातकापणीनंतर)

कोकणात गटात सामील होण्याचा सगळ्यांत सोपा दरवाजा हाच आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. म्हणून इथे थांबून सांगतो.

वेळ. परतीचा पाऊस संपलेला हवा आणि व्हाळ अजून वाहता हवा. साधारण नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य. भात घरात आलेलं असतं, माणसं मोकळी असतात. आम्ही पहिला बंधारा २ ऑक्टोबरला घातला होता, गांधीजयंती म्हणून. फोटो छान आले. दसऱ्याआधी एका रात्रीच्या पावसात सगळ्या पिशव्या खालच्या काकांच्या मळ्यात. उलट जानेवारीत घातलात तर अडवायला पाणीच उरलेलं नसतं.

परवानगी. दोन्ही काठांच्या जमीनमालकांशी बोला, ग्रामपंचायतीला लेखी कळवा. आणि खालच्या वाडीला विचारा. त्यांची नळपाणी योजना किंवा पाट याच पाण्यावर असेल तर बंधारा भरेपर्यंतचे दोन-तीन दिवस त्यांचं पाणी तुटतं. हे न विचारल्यामुळे रात्री पिशव्या फाडल्या गेल्याची उदाहरणं आहेत, आणि खरं सांगायचं तर फाडणाऱ्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

जागा. पात्र अरुंद, दोन्ही काठ घट्ट, तळाशी कातळ किंवा घट्ट मुरूम, आणि वरच्या अंगाला पात्र पसरट व उतार कमी. मीटरभर उंचीत पाणी मागे लांबवर तुंबलं पाहिजे. तीव्र उताराच्या पऱ्यावर बंधारा घातला तर घंगाळभर पाणी साठतं. निव्वळ वाळूच्या तळावर घातला तर पाणी खालून निघून जातं.

पिशव्या. ५ मीटर रुंद, १ मीटर उंच बंधाऱ्याचा आमचा हिशेब असा: भरलेली सिमेंटची पिशवी साधारण १५ सेंटिमीटर जाडीची बसते, म्हणजे सात थर. लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवून एका ओळीत तेरा. खाली दोन ओळी, वर एक, सरासरी दीड. झाल्या १४० च्या आसपास. फाटक्या-कुजक्या धरून १७० गोळा करा. गोळा करायला सप्टेंबरपासून लागा; घर बांधणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं की तो रचून ठेवतो, नाहीतर जाळून टाकतो.

आता कामाचा क्रम:

१. आदल्या दिवशी तळ साफ करा. पाचोळा, सैल दगड, मुळ्या काढा. ही पायरी गाळली की बंधारा पहिल्या दिवसापासून गळतो आणि मग वरून कितीही माती थापा.

२. पिशव्या दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली पिशवी गोल होते, दुसरीवर बसत नाही, मध्ये फटी राहतात. भरायला पात्रात साचलेली माती-वाळू घ्या. काठ खणू नका. काठ खणून बंधारा घालणं म्हणजे पुढच्या पावसात काठ वाहून जायची सोय.

३. तोंड दाभणाने सुतळी घालून शिवा. नुसती गाठ मारू नका.

४. वीट रचतात तसे सांधे मोडत थर लावा. प्रत्येक थर पायाने तुडवा. दोन्ही टोकं काठात फूटभर आत घुसवा. बंधारा बहुधा मधून फुटत नाही, कडेने फुटतो.

५. वरच्या अंगाला चिकणमातीचा लेप द्या.

६. मधला भाग कडांपेक्षा एक पिशवी खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडेल. सांडतं त्या जागी खाली चपटे दगड पसरा, नाहीतर पडणारं पाणी पायाच उकरतं.

७. घरी जाण्याआधी तारीख, पिशव्यांची संख्या, माणसं लिहा.

तपासून पाहा: आठ दिवसांनी परत जा. कडेने गळती आहे का? मध्यातून पाणी सांडतंय का? आसपासच्या विहिरींची पातळी दोरीने मोजून लिहिली का? विहिरीची नोंद नसेल तर बंधाऱ्याचा उपयोग झाला की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि जी गोष्ट बहुतेक गट करत नाहीत ती: मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आगोटीची (पावसाळ्याआधीच्या तयारीची) कामं चालू असताना, बंधारा सोडवा. माती पात्राबाहेर टाका, पिशव्या मोजून परत आणा. १७० पिशव्या नेल्या असतील तर १७० परत. पहिल्या पुरात वाहून गेलेल्या पिशव्या खाडीतल्या कांदळवनात जाऊन अडकतात, चिंध्या होतात, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात. शिवाय पहिल्या पावसात वळगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात. त्यांची वाट मोकळी हवी.

टप्पा ७ : झाडं, गाळ, सफाई

झाडं लावण्यात घाई नको. ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, सुबाभूळ फुकट मिळतात म्हणून नदीकाठी लावू नका. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, वरच्या मळीवर माणगा बांबू. रोपं जूनच्या शेवटी लावा आणि फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी लिहा. नाव लिहिता येत नसेल तेवढी रोपं कमी लावा. काठावर आपोआप आलेली झुडपं तोडून रोपं लावणारेही पाहिलेत. त्यांना काय म्हणावं कळत नाही.

गाळाबाबत एकच. शहरापाशी साचलेला भराव काढणं आणि गावातल्या नदीचं सरसकट 'खोलीकरण' करणं ही दोन वेगळी कामं आहेत. नदीच्या कोंडी, मोठे धोंडे, वळणं यांत उन्हाळ्याचं पाणी आणि मासे दोन्ही टिकतात. पोकलेनने नदीचं सरळ गटार केलं की पाणी पूर्वीपेक्षा लवकर खाडीत. अशा कामाला जलसंपदा आणि महसूल विभागाची परवानगी लागते. ती बघितल्याशिवाय गटाचं नाव त्या कामाला देऊ नका.

सफाई करायची तर विसर्जनानंतर पाऊस थांबून पाणी उतरल्यावर, आणि शिमग्यानंतर. आधी ठरवा कचरा जाणार कुठे. ग्रामपंचायतीची गाडी ठरलेली नसेल तर गोणी भरून पुलाच्या कठड्याला लावून ठेवल्या जातात, आणि पुढचा पाऊस त्या पुन्हा नदीत घालतो.

टप्पा ८ : पाणी बिघडलेलं दिसलं तर

मेलेले मासे, फेस, उग्र वास, रंग. पहिल्या अर्ध्या तासात काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून.

१. पाण्याला हात लावू नका. मासे घरी नेणाऱ्यांना थांबवा. उन्हाळ्यात कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारणारेही असतात, म्हणून कारखान्याचं नाव घेण्याआधी काठावर रिकामी पाकिटं पडली आहेत का बघा.

२. फोटो आणि व्हिडिओ, फोनमधलं ठिकाण आणि वेळ चालू ठेवून. एक फोटो असा हवा ज्यात पूल, देऊळ, मैलाचा दगड असं ओळखू येईल काही.

३. वर चालत जा. कुठपर्यंत मासे मेलेत आणि कुठून पुढे पाणी ठीक आहे, ती जागा नोंदवा. तक्रारीतला सगळ्यांत मोलाचा मुद्दा हाच, आणि नेमका तोच सुटतो.

४. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला (चिपळूण, महाड इथे आहेत) फोन आणि लगेच ईमेल. फोन कोणी घेतला, किती वाजता, ते लिहा. तहसीलदारांना प्रत द्या.

५. अधिकारी नमुना घेतील तेव्हा हजर राहा. जल प्रदूषण कायदा, १९७४ मध्ये नमुना कसा घ्यायचा, कसा सीलबंद करायचा याची ठरलेली रीत आहे (कलम २१). कायदेशीर पुरावा म्हणून त्या रीतीने घेतलेला नमुना चालतो. तुमची बाटली इशारा म्हणून कामाची, न्यायालयात तिच्यावर भिस्त ठेवू नका.

६. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

त्यानंतर ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमारास ग्रामसभा होतात. विषय आधी लेखी द्या, आयत्या वेळी उठून बोललेलं इतिवृत्तात येत नाही. ठराव झाला की त्याची नक्कल मागा. हल्ली ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्जावर नवं पदनाम लिहा.

महिनाभरात काही हललं नाही तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "कारवाई का केली नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक तारखेच्या तक्रारीवरील पाहणी अहवालाची आणि नमुन्याच्या विश्लेषण अहवालाची प्रत द्यावी" असं मागा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम पीठ पुण्याला आहे. तिथे जायचं तर सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवून वकिलांशी लवकर बोला. आमच्यासारखे बरेच गट पाचव्या महिन्यात जागे होतात.

सावध: समाजमाध्यमांवर कंपनीचं किंवा माणसाचं नाव घालून काही टाकू नका. अहवाल येण्याआधी नाव घेतलंत तर प्रदूषणाचा विषय बाजूला पडतो आणि बदनामीची नोटीस गटाच्या सर्वांत गरीब माणसाच्या घरी येते.

टप्पा ९ : मुंबईत राहून करायचं असेल तर

चाकरमान्यांनी गणपतीत येऊन काम काढू नये. पाणी मोठं असतं, घरात पाहुणे असतात, आणि गावातल्या माणसाला पंधरा दिवस तुमचं आतिथ्यच पुरतं. त्या वेळी बैठक घ्या, वर्गणी ठरवा, पिशव्यांचा निरोप द्या. वर्षभर करता येण्यासारखी कामं दुसरी आहेत: नोंदवहीचे फोटो मागवून तक्ता तयार करणं, अर्ज टंकून पाठवणं, माहिती अधिकाराच्या तारखा सांभाळणं, मंडळाच्या वर्गणीतून दाभण-सुतळी आणि गमबूट घेऊन देणं.

गावी यायचंच असेल तर दोन सुट्ट्या राखून ठेवा. एक नोव्हेंबरच्या शेवटी, बंधाऱ्याला. त्या दिवशी माणसं मिळतात, जेवण असतं, फोटो असतो. दुसरी मेच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा आंबा संपत आलेला असतो, उकाडा असह्य असतो, परतीचं रेल्वे तिकीट मिळत नाही आणि व्हाळात १७० कुजक्या पिशव्या सोडवायला गेल्या वर्षी आम्ही चौघे होतो.